पॉडकास्ट, व्हिडिओ आणि स्वतःचं संगीत, तिन्ही एकाच एपिसोडमध्ये: कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर

पॉडकास्ट आपणच रेकॉर्ड करायचा, त्याचाच व्हिडिओ काढायचा आणि संगीतही घरीच करायचं असं ठरवणारे पुण्यात आता बरेच जण भेटतात. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातं. उत्साहाच्या भरात संगीत आधी बनवतात, मग त्यावर व्हिडिओ कापतात आणि बोलणं साफ करायला सगळ्यात शेवटी घेतात. मग एक वाक्य काढलं की चित्र सरकतं, चित्र सरकलं की संगीताचा ठेका चुकतो, आणि रात्री दोन वाजता माणूस सगळं पहिल्यापासून जुळवत बसतो. क्रम बरोबर उलटा हवा. आधी बोलणं पक्कं करायचं, मग चित्र, मग संगीत. फक्त संगीताचे दोन निर्णय (सूर आणि लय) शूटिंगच्या आधी घ्यायचे, त्याबद्दल खाली सांगतो.

उदाहरण म्हणून एकच एपिसोड धरून चालू. कसबा पेठेतली तांबट आळी, तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम (हातोडीने ठोकून भांडं घडवणं) करणारे एक कारागीर, वीस मिनिटांचा एपिसोड, दोन माणसांची टीम. विषय मुद्दाम अवघड घेतलाय कारण यात बोलणं, चित्र आणि नाद तिन्ही एकमेकांच्या पायात येतात.

१. कागदावर तीन रकाने

एक पान घ्या आणि प्रत्येक भागासाठी तीन रकाने आखा: ऐकू काय येणार, दिसणार काय, संगीत आहे का. पहिला रकाना पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. तिसरा बहुतेक ठिकाणी रिकामाच राहिला पाहिजे, वीस मिनिटांत चार-पाच जागा पुष्कळ झाल्या.

इथली नेहमीची चूक म्हणजे "व्हिडिओ आहेच की" या भरवशावर राहणं. कारागीर म्हणणार, "हे बघा, असा धरायचा आणि असं मारायचं." व्हिडिओत छान दिसेल, पण स्वयंपाक करता करता नुसतं ऐकणाऱ्याला काय कळणार? त्यामुळे विचारणाऱ्याने तिथल्या तिथे बोलून घ्यायचं, "म्हणजे काका, हातोडी पार टोकाला धरलीत आणि मनगटातूनच मारताय." एवढं एक वाक्य आलं की तोच भाग दोन्हीकडे चालतो. ही सवय नसेल तर आदल्या दिवशी मित्राला समोर बसवा आणि चहा कसा करतात ते त्याच्याकडून नुसतं ऐकून समजून घ्यायचा प्रयत्न करा.

आता सूर आणि लय. मुख्य थीमचा सा कुठला आणि लय (मिनिटाला किती मात्रा) साधारण किती एवढंच ठरवा, चाल नको. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल तर १५०० ला (मिनिटाच्या एकूण फ्रेम) लयीने भागा, एका मात्रेत किती फ्रेम बसतात ते कळतं. १०० ची लय म्हणजे १५ फ्रेम, ७५ म्हणजे २०, १२० घेतलीत तर साडेबारा, आणि अर्धी फ्रेम काही कापता येत नाही. ७५, १०० किंवा १२५ घेतलं की पुढे मात्रेवर कट मारताना डोकं खाजवावं लागत नाही.

कागदपत्रं याच टप्प्यात. कारागिराची परवानगी, शक्यतो लेखी, आणि ऑडिओ कुठे जाणार, व्हिडिओ कुठे जाणार हे त्यांना नीट सांगून. बासरी किंवा तबला दुसरं कुणी वाजवणार असेल तर "अरे आपलाच मित्र आहे" म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सही करूनच करावे लागतात, आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा पॉडकास्ट कॅनडात बसलेली मावशी पण ऐकणार आहे. म्हणून मुदत, प्रदेश, पैसे, नाव कुठे येणार, सगळं एका पानावर लिहून घ्या.

२. सेटिंग जुळवून घ्या

कंटाळवाणा टप्पा आहे, पण निम्मी रडारड इथेच वाचते.

ऑडिओ सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. रेकॉर्डर, लॅपटॉपवरचं संगीताचं सॉफ्टवेअर, एडिटिंगचा प्रोजेक्ट, सगळीकडे तेच. संगीताच्या प्रोजेक्टमध्ये बऱ्याचदा आधीपासून ४४.१ असतं आणि कुणी बघत नाही. ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजली तर तासाभराचं रेकॉर्डिंग पंचावन्न मिनिटांत संपतं आणि सूर जवळजवळ दीड पट्टी वर चढतो, म्हणजे काळी एकचा गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतो. चांगलं सॉफ्टवेअर आपणहून बदलून घेतं, पण त्याच्या भरवशावर कशाला राहायचं.

व्हिडिओ २५ फ्रेम, शटर (एका फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो) १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली त्याच्याशी न जुळणारं शटर ठेवलं की चित्रात पट्टे पळायला लागतात. फोनवर शूट करणार असाल तर शटर हाताने ठरवता येईल असं कॅमेरा ॲप वापरा. आणि फोनची एक खोड लक्षात ठेवा, तो फ्रेमचा वेग कमीजास्त करत राहतो, मग दहा मिनिटांनंतर ओठ आणि आवाज वेगळे पडतात. एडिटिंगला घ्यायच्या आधी फोनच्या फाइली हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून कायम वेगाच्या करून घ्या.

जागेचा हिशोब: ४८/२४ चा मोनो आवाज तासाला साधारण ५२० एमबी खातो, तो प्रश्नच नाही. खरी जागा व्हिडिओ खातो, म्हणून आदल्या रात्री फोन आणि कार्ड रिकामं करून ठेवा.

तपासणी: घरीच एक मिनिट शूट करा, वेगळ्या माइकवर रेकॉर्ड करा, संगीताच्या सॉफ्टवेअरमधून एक साधा ठेका काढा, तिन्ही एका टाइमलाइनवर टाका आणि बाहेर काढून बघा. हे एक मिनिट जुळलं नाही तर शूटला जाऊच नका.

३. रेकॉर्डिंग

वेळ आधी. पेठेत दुपारी एक ते चार बरं असतं, विनोद बाजूला ठेवून सांगतोय, गल्लीतली वर्दळ खरंच कमी होते. गुरुवारी महावितरणचं दुरुस्तीचं काम असेल तर लाइट जाते, मेसेज बघून ठेवा. आणि गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव सुरू असतो, तेव्हा नदीच्या बाजूला मुलाखत ठेवू नका, तो आवाज कुठलंही सॉफ्टवेअर काढू शकत नाही.

घरी रेकॉर्ड करत असाल तर पंखा बंद, फ्रिज बंद, सोसायटीची पाण्याची मोटर कधी लागते ते वॉचमनला विचारून घ्या. भिंतीला चिकटवायचे महागडे फोम घ्यायच्या आधी घरातल्या जाड गोधड्या काढा. एक बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर, एक टेबलावर. टेबलावरची जास्त उपयोगी, कारण टेबलावर आपटून येणारा आवाजच "डब्यात बसून बोलल्यासारखा" वाटतो.

मुलाखत आणि ठोकाठोकी वेगवेगळी रेकॉर्ड करा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. कारागीर काम करता करता बोलले की वातावरण मस्त येतं, मान्य, पण "हातोडी घेतली की" नंतर एक घाव आणि मग "दोन बोटं सोडून" असं आलं की ते वाक्य कापताच येत नाही, प्रत्येक घावाचा नाद पुढच्या शब्दावर लोंबकळत असतो. म्हणून आधी अर्धा-पाऊण तास शांत बसून बोलणं. मग नुसतं काम, कुणीही न बोलता. शेवटी हवं तर पाच मिनिटं काम करत बोलणं, चवीपुरतं.

माइक तोंडापासून वीतभर, समोरून थोडा तिरका. बोलण्याची लेव्हल वर जाऊन -१२ डीबीच्या आसपास टेकली पाहिजे. घावांसाठी गेन (रेकॉर्डर माइकचा आवाज किती वाढवून घेतो ते) पार खाली आणा. मीटर -२० दाखवत असला तरी एखादा घाव मध्येच वर उसळतो आणि फाटतो, आणि फाटलेला घाव संगीतात अजिबात वापरता येत नाही. ३२ बिट फ्लोटचा (खूप मोठा आवाजही न फाटता नोंदवणारा) रेकॉर्डर असला तरी माइक स्वतःच फाटू शकतो, म्हणून माइक दोन-तीन हात लांब धरा.

संगीतासाठी कच्चा माल इथेच गोळा करायचा. काकांना विनंती करून एकेका भांड्यावर एकच घाव मारून घ्या आणि नाद पूर्ण विरेपर्यंत कुणीही हलायचं नाही. हंडा, परात, तांब्या, रिकामी ऐरण. प्रत्येकाचे हलके, मध्यम, जोरात असे चार-पाच घाव. शिवाय हातोडी खाली ठेवल्याचा आवाज, भांडं फिरवताना होणारी खरखर. मग त्या खोलीची नुसती शांतता, निदान अर्धा मिनिट. पुढे वाक्यांमध्ये फटी पडतात तिथे हीच शांतता भरायची असते.

इशारा: सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा आणि शेवटीही वाजवा. "ठोके आहेतच, त्यावर जुळवू" असं म्हणू नका. सगळे ठोके दिसायला आणि ऐकायला सारखेच, एक ठोका पुढेमागे जुळला तरी सिंक झाल्यासारखं (चित्र आणि आवाज जुळल्यासारखं) वाटतं आणि मग ओठ मात्र चुकतात. शेवटच्या टाळीने दोन उपकरणांची घड्याळं तासाभरात किती सरकली ते कळतं.

४. घरी आल्या आल्या

आधी दोन ठिकाणी कॉपी, मगच जेवण. फाइलींना तारीख आणि काय आहे ते नाव द्या, "न्यू फायनल २" चालणार नाही. मग टाळीवर टाळी जुळवा, शेवटची टाळी बघा, फरक असेल तर ऑडिओ मधे दोन-तीन ठिकाणी कापून सरकवा. सिंक तपासताना ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा, त्यात आवाज उशिरा येतो आणि बरोबर जुळलेलं चुकीचं वाटायला लागतं.

५. बोलणं कापा आणि कुलूप लावा

स्क्रीनवरचं चित्र झाका आणि नुसतं ऐकत कापा. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत आवाज आणि चित्र एकाच प्रोजेक्टमध्ये कापता येतं, त्यामुळे सुरुवातीला तेच पुरे. आधी मोठे तुकडे हलवा, कुठली गोष्ट पहिली, कुठली उडवायची. ते झाल्यावरच "अं", "म्हणजे", "काय आहे की" यांच्या मागे लागा, आणि तेही सगळे काढू नका. मराठी माणूस "म्हणजे" शिवाय बोलत नाही, सगळे काढले की काका बातम्या देतायत असं वाटतं. श्वासही ठेवा. फक्त कट अर्ध्या श्वासात पडला नाही ना एवढं बघा.

नॉइज रिडक्शन (मागची घरघर कमी करणारी सोय) हलक्या हाताने. जोरात लावलं की "स" आणि "श" पाण्याखालून आल्यासारखे होतात.

तपासणी: हा कट विषयाशी संबंध नसलेल्या एकाला ऐकवा, व्हिडिओ न दाखवता, संगीत न घालता. तो मधेच मोबाइल बघायला लागला ती जागा लिहून ठेवा आणि तिथे कापा. "संगीत टाकलं की उठेल" ही सगळ्यात महागडी समजूत आहे, कंटाळवाणा भाग संगीत घालून लांब कंटाळवाणा होतो.

हे झालं की बोलण्याला कुलूप. यानंतर एक शब्दही हलवायचा नाही.

६. चित्र

इथे फार वेळ घालवू नका, पाया पक्का असेल तर हे पटकन होतं. आवाजाचा कट तसाच ठेवून त्यावर हातांची, भांड्यांची, आळीची दृश्यं टाका. घाव दिसतोय तिथे त्याच घावाचा आवाज असला पाहिजे, दुसऱ्या भांड्याचा नाद चिकटवला तर कारागीर लोक लगेच ओळखतात. आडव्या चित्रातून उभे तुकडे काढायचे असतील तर माणूस मधोमध येईल अशा जागा आत्ताच खुणा करून ठेवा.

देवनागरी टायटल टाकताना "दुसऱ्या", "विठ्ठल", "शृंगार" हे शब्द टाइप करून बघा. अर्धा र, ऋकार, जोडाक्षरं तुटत असतील तर फॉन्ट बदला. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फुकट आहेत आणि बहुतेक ठिकाणी नीट चालतात.

७. संगीत

आता कुठे पेटीला हात लावायचा.

पहिलं, भांड्याचा सूर शोधा. तांब्याच्या हंड्यावर घाव पडला की एकाच वेळी बरेच नाद निघतात आणि ते तानपुऱ्यासारखे एकमेकांशी गोडीत नसतात, त्यामुळे ट्यूनर ॲप कधी एक सूर दाखवतं कधी दुसरा. घाव मारल्यानंतरचा पहिला कडक भाग सोडून द्या आणि मागे रेंगाळतो तो नाद ऐका, तोच कानात बसतो. समजा तो काळी एकच्या थोडा वर निघाला. मुलाखतीत तो हंडा मागे वाजत असेल तर तानपुरा त्याच्यावर लावा, हंड्याचा सूर बदलायच्या फंदात पडू नका, कारण आवाज ओढूनताणून बदलला की धातूचा धातूपणा जातो. पण मग खरी पेटी वापरता येणार नाही, तिचे सूर कायमचे बांधलेले. कीबोर्डवर मास्टर ट्यूनिंग सरकवा किंवा बासरीवाल्याला हंडा ऐकवून वाजवायला सांगा, त्याला फुंकेने थोडं वरखाली करता येतं. भांडं नुसतं तालवाद्यासारखं वापरणार असाल आणि चित्रात दिसत नसेल तर मात्र खुशाल पट्टी बदला.

दुसरं, लय. समजा काका मिनिटाला साधारण १५० घाव घालतायत. त्यावर १५० चंच संगीत केलं तर पाठलाग चालल्यासारखं होतं. निम्मी, ७५ ची लय घ्या, म्हणजे मात्रेला दोन घाव. आता नवखे काय करतात, सगळे घाव उचलून ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर) बसवतात, आणि माणसाचा हात मशीन होतो. घाव थोडे मागेपुढे पडतात त्यातच मजा आहे. दर चार किंवा आठ मात्रांनी सम जुळवा, मधले तसेच राहू द्या.

तिसरं, बोलण्याखाली चाल नको. तानपुरा, एखादा लांब सूर, विरळ ठोका एवढंच. धून ऐकू आली की कान शब्द सोडून धुनीच्या मागे जातो, आणि ओळखीचा राग असेल तर पुण्यात लोक बोलणं सोडून राग ओळखत बसतात. चाल ठेवायची ती दोन भागांच्या मधल्या मोकळ्या जागेत, आठ-दहा सेकंद.

आणि संगीत थांबवायचं कुठे? सगळ्यात महत्त्वाच्या वाक्याच्या आधी. काका म्हणतात, "पोराला म्हटलं, तू नको करू हे," त्याच्या आधीच्या श्वासाला तानपुरा संपलेला असला पाहिजे. अशा वाक्याखाली व्हायोलिन घालणारे बरेच आहेत, मला ते ऐकवत नाही.

हक्कांबद्दल, थोडक्यात. "तीस सेकंदांपर्यंत कुठलंही गाणं चालतं" असा कुठलाही नियम नाही. संतांच्या अभंगाचे शब्द कुणीही घेऊ शकतं, पण एखाद्या संगीतकाराने त्याला लावलेली चाल आणि तिचं रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे. चालीचा हक्क संगीतकार गेल्यानंतरही ६० वर्षं टिकतो. फुकट मिळणारे लूप जसेच्या तसे वापरलेत तर तोच लूप वापरून दुसऱ्या कुणी गाणं नोंदवलेलं असतं आणि यूट्यूबवर तुमच्यावर क्लेम (हक्काचा दावा) येतो. स्वतः रेकॉर्ड केलेल्या हंड्यावर असा क्लेम यायचा संभव फारच कमी.

८. मिक्स

क्रम: बोलणं, मग ठोके आणि वातावरण, मग संगीत. बोलण्याची पातळी एकदा ठरली की ती हलवायची नाही, बाकीच्यांनी तिच्याप्रमाणे वागायचं. संगीत फक्त खाली ओढून भागत नाही. त्यातला १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डीबी कमी करा, शब्दांची स्पष्टता तिथेच असते. मग संगीत फार खाली न नेताही बोलणं कळतं.

पॉडकास्टची ऑडिओ फाइल -१६ एलयूएफएस (आवाज एकूण कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप), शिखर -१ डीबीच्या वर नाही, ॲपल हेच सांगतं. यूट्यूब साधारण -१४ च्या वरचं खाली आणतं पण हळू असलेलं वर उचलत नाही, म्हणून व्हिडिओसाठी वेगळी -१४ ची आवृत्ती काढा. ठोक्यांमुळे -१४ ला पोचायच्या आधीच शिखर लागतं, तेव्हा लिमिटर (आवाजाला ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) फक्त ठोक्यांच्या ट्रॅकवर लावा. सगळ्यावर लावलात तर प्रत्येक घावाला काकांचा आवाज दचकून खाली बसतो.

तपासणी: एकदा मोनो करून फोनच्या स्पीकरवर ऐका. एकदा वनाज-रामवाडी मेट्रोत बसून इअरफोनवर. तिथे बोलणं कळलं तर सगळीकडे कळेल, तानपुरा ऐकू नाही आला तरी चालेल.

९. बाहेर काढणं

ऑडिओला एमपी३, स्टिरिओ संगीत असल्यामुळे १२८ केबीपीएस. अपलोड करायच्या आधी ती एमपी३ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, प्रोजेक्टमधून नाही, बाहेर काढलेली फाइल. यूट्यूबवर चॅप्टर टाकताना पहिला ०:०० पासूनच हवा, कमीत कमी तीन हवेत आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा, नाहीतर ते दिसतच नाहीत. मराठी कॅप्शन स्वतः तपासा, "मठार" आणि "तांबट" या शब्दांचं मशीन काय करेल सांगता येत नाही.

थीम स्वतंत्र गाणं म्हणून डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी ॲपवर पोचवणारी कंपनी) देणार असाल आणि त्याने कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) सुरू केलं, तर पहिला क्लेम तुमच्याच एपिसोडवर येईल. आधी स्वतःचं चॅनल त्यांच्याकडे सूट असलेल्या यादीत घालून घ्या.

शेवटी बोलणं, ठोके, संगीत अशा तीन वेगळ्या पूर्ण लांबीच्या वेव्ह फाइली काढून प्रोजेक्टसोबत ठेवा. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर बदललं, एखादं प्लगिन उघडलंच नाही, किंवा काकांचा फोन आला की ते एक वाक्य काढून टाका, तर या तीन फाइलींवरून काम होतं. आणि एपिसोड टाकल्यावर पहिली लिंक काकांना पाठवा, त्यांच्या घरातल्या कुणाच्या तरी फोनवर.